‘पुरे’ म्हणण्याची विद्या

गौरी जेवतात त्या दिवशीं आमच्या घरीं एक लहानसा कलह झाला, आणि त्यांतील अपराधी मीच होतों, हें आरंभींच कबूल करून टाकतों. माजघरांत पंचवीस पानें मांडलेलीं, उदबत्तीचा वास दरवळलेला, नातवंडांचा गलबला चाललेला. दोन पुरणपोळ्या माझ्या पोटांत गेल्या होत्या. इतक्यांत थोरल्या सूनबाई तिसरी घेऊन आल्या. “मामंजी, ही एवढीच. तुमच्यासाठीं मुद्दाम तुपांत भिजवून आणली आहे.”

मीं पानावर हात आडवा धरला. तेवढ्यावर थांबलों असतों तर कांहीं बिघडलें नसतें. परंतु पस्तीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय! मीं तेथेंच आयुर्वेदाचा पाठ सुरू केला. पोटाचे दोन भाग अन्नासाठीं, एक पाण्यासाठीं आणि एक वायूसाठीं मोकळा ठेवावा, असें आचार्यांनीं कसें सांगितलें आहे, आग्रह करणारा हा जेवणाऱ्याचा मित्र नसून वैद्याचा मित्र कसा असतो, वगैरे वगैरे. पंक्त स्तब्ध झाली. सूनबाई पोळी घेऊन तशाच आंत गेल्या, आणि मागाहून कळलें कीं, त्या दिवशीं त्या नीट जेवल्याच नाहींत. रात्रीं आमचें कुटुंब मला इतकेंच म्हणालें, “अहो, तुमचें पोट संभाळलेंत तें ठीक केलेंत. पण पहांटे चारपासून चुलीशीं बसलेल्या पोरीचें मन कोणी संभाळायचें?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ श्लोक नव्हता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माझे एक जुने स्नेही आले. हे गृहस्थ ख्रिस्ती. ज्या शाळेंत मीं संस्कृत शिकवलें, तींतच त्यांनीं इंग्रजी शिकवलें. आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून होते. गौरी-गणपतींत एकदां आमच्याकडे फराळाला यावयाचें, हा त्यांचा जुना परिपाठ. पान पुढें येतांच त्यांनीं नेहमींप्रमाणें क्षणभर डोळे मिटले व ओंठांतल्या ओंठांत प्रार्थना केली. धाकट्या नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्ही देवाला काय सांगितलेंत?” ते गंभीर मुद्रेनें म्हणाले, “बाळ, आधीं वाढलेल्या अन्नाबद्दल उपकार मानले. मग म्हटलें, देवा, तुझी आई इतकें सुरेख करते कीं, हात आंखडणें मोठें कठीण. तेव्हां अर्ध्या पोळीनंतर ‘पुरे’ म्हणण्याचें बळ मला दे.” सगळें घर हंसलें. आदल्या दिवसापासून मिटलेला सूनबाईंचा चेहराहि उमलला, आणि त्यांनीं आपण होऊन अर्धीच पोळी वाढली. जें काम माझ्या सगळ्या आयुर्वेदानें केलें नाहीं, तें एका हंसऱ्या वाक्यानें केलें!

मीं त्यांना आदल्या दिवसाची हकीकत सांगितली. तेव्हां ते म्हणाले, “तुमच्या आधीं साडेचारशें वर्षांपूर्वीं इटलींतल्या एका म्हाताऱ्यावर हाच प्रसंग ओढवला होता.” आठवड्यानें त्यांनीं तें पुस्तकहि आणून दिलें. त्या म्हाताऱ्याची गोष्ट वाचकांना सांगावी, म्हणून आजचा हा प्रपंच.

लुइजी कोर्नारो हा व्हेनिसच्या एका प्रसिद्ध घराण्याच्या शाखेंतील पुरुष, राहणारा पाडुआचा. तारुण्यांत त्यानें खाण्यापिण्याचा अतिरेक केला. पस्तिशीच्या सुमारास पोटशूळ, संधिवात, बारीक ज्वर आणि न शमणारी तहान ह्यांनीं तो इतका गांजला कीं, वैद्यांनीं निर्वाणीचें सांगितलें, ‘नियमित आणि थोडें खा; दुसरा उपाय नाहीं.’ त्यानें तें मानलें, आणि वर्षाच्या आंत तो बरा झाला. पुढें त्यानें आपलें माप कायमचें ठरवून टाकलें. दिवसाला घन अन्न १२ औंस व द्राक्षासव १४ औंस. आजच्या औंसानें धरल्यास १२ औंस म्हणजे सुमारें ३४० ग्रॅम, आपल्या जुन्या हिशेबानें २९ तोळे. त्या अन्नांत भाकरी, अंड्याचा बलक, मांस व सूप ह्यांचा समावेश होता. मांस आणि आसव आपल्या पंक्तींतले पदार्थ नव्हेत, आणि ते घ्या असें मी सांगत नाहीं. घ्यावयाचें तें त्याचें माप, आणि मापापेक्षांहि त्यामागची वृत्ति.

आतां मुख्य प्रसंग ऐका. त्याच्याच म्हणण्याप्रमाणें तो ७८ वर्षांचा असतांना घरचीं माणसें, स्नेही आणि वैद्य ह्या सर्वांनीं त्याला गराडा घातला. ‘आतां वय झालें, शरीराला आधार हवा, एवढ्याशा अन्नावर कसें निभणार? थोडें वाढवा.’ त्यानें परोपरीनें सांगून पाहिलें कीं, वय वाढतें तशी जठराची शक्ति कमी होते, मग अन्न वाढवून कसें चालेल? पण प्रेमाच्या माणसांपुढें तर्क किती वेळ टिकणार? आपण हट्टी दिसूं नये आणि त्यांचें मन राखावें, म्हणून त्यानें अन्न १२ चे १४ औंस केलें आणि आसव १४ चें १६. वाढ अवघी दोन औंसांची, म्हणजे आमच्या सूनबाईंच्या तिसऱ्या पोळीएवढीसुद्धां नव्हे! आठदहा दिवसांतच हा आनंदी मनुष्य चिडखोर आणि खिन्न झाला. पुढें कुशींत कळ उठली, ज्वर भरला, आणि तो ३५ दिवस हटेना. सर्वांनीं आशा सोडली. अखेर तो पूर्वींच्या मापावर आला, तेव्हां वांचला.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें ह्या हकीकतीची उलटतपासणी अवश्य करतां येईल. दोन औंसांनीं ज्वर येतो, असें आजचा कोणताहि डॉक्टर म्हणणार नाहीं. परंतु मला ह्यांत दुसरेंच कांहीं दिसलें. घरच्यांना त्याला मारावयाचें नव्हतें. त्यांचें त्याच्यावर प्रेम होतें. तें प्रेम व्यक्त करण्यास त्यांना ताटाखेरीज दुसरी जागा सांपडली नाहीं, इतकेंच. आपल्या घरांत याहून निराळें काय चालतें?

अशा नेमस्त मनुष्याचें चित्र आपण मनांत कसें काढतों? सुरकुतलेला चेहरा, हातांत तराजू, ओंठ आवळलेले, आणि दुसऱ्याच्या पानाकडे तुच्छतेची नजर. कोर्नारो तसा मुळींच नव्हता. पाडुआच्या आपल्या वाड्यांत त्यानें १५२४ सालीं फाल्कोनेत्तो नांवाच्या स्थपतीकडून एक सुंदर कमानदार मंडप बांधवून घेतला; तो अद्यापि उभा आहे. तेथें नाटकें होत. रुझांते ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला आंजेलो बेओल्को, खेडवळ शेतकऱ्यांच्या बोलींत प्रहसनें लिहिणारा त्या काळचा मोठा विनोदी नाटककार, ह्याच घराच्या आश्रयानें वाढला. दलदलीच्या जमिनी कोरड्या करून त्या लागवडीस आणणें हा कोर्नारोचा आवडता उद्योग. जेथें दूषित हवेमुळें मनुष्य टिकत नसे, तेथें वस्ती झाली आणि देवाची उपासना होऊं लागली, ह्याचा त्याला फार संतोष वाटे.

‘संयमी जीवन’ ह्या विषयावर त्यानें चार निबंध लिहिले. त्यांतील पहिला १५५८ सालीं पाडुआस छापला गेला. तेथें तो अभिमानानें सांगतो कीं, ह्या वयांत मीं एक निर्मळ विनोदानें भरलेलें नाटक लिहिलें आहे. म्हातारपणीं शोकान्त नाटक लिहिणाऱ्या ग्रीक कवीचें लोक कौतुक करतात, मग त्याहून वडील असून सुखान्त लिहिणाऱ्या माझें कां करूं नये? घरांत अकरा नातवंडें. धाकट्यांशीं तो खेळे, थोरल्यांबरोबर गाई, आणि माझा आवाज पूर्वींपेक्षां चांगला झाला आहे असें वर सांगे. (नातवंडांचें मत नमूद नाहीं.) मरणाविषयीं तो निर्भय होता. ख्रिस्ताच्या कृपेवर भरंवसा ठेवून, दिव्यांतलें तेल सरावें तसें आपण शांतपणें जाऊं, असा त्याचा विश्वास होता. १५६६ सालीं तो वारला.

त्या वेळीं त्याचें वय काय होतें? जुन्या पुस्तकांत ९८, कोठें शंभरावर असें लिहिलेलें आढळतें. अलीकडच्या संशोधकांनीं त्याचा जन्म १४८४ च्या सुमाराचा ठरवला आहे. त्या हिशेबानें ८२. म्हणजे आपल्या संयमी पुरुषानें अन्न मोजून घेतलें, पण वर्षें मात्र सढळ हातानें वाढून घेतलीं! हा त्याचा दोष झांकण्यांत अर्थ नाहीं. तरी त्या शतकांत ८२ हेंहि थोडें नव्हे.

ह्या पुस्तकाचा पुढला प्रवासहि गमतीचा आहे. आपल्या देशांत शिरलेले तीन अनर्थ म्हणून कोर्नारो खुशामत, लूथरचा पंथ आणि खादाडपणा हीं तिन्ही एका दमांत मोजतो. असें असून १६३४ सालीं केंब्रिज येथें त्याच्या निबंधाचें जें इंग्रजी भाषांतर निघालें, तें कोणी केलेलें? जॉर्ज हर्बर्ट ह्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक कवीनें! आणि त्यापूर्वीं लूव्हेनचा जेसुइट पंडित लेसियस ह्यानें १६१३ सालीं आपला आरोग्यावरील ग्रंथ काढला, तेव्हां त्यानेंहि ह्याच निबंधाचा लॅटिन अनुवाद सोबत दिला. ज्या दोन पंथांचें इतर बाबतींत पटत नव्हतें, त्यांचें अर्ध्या पोटावर मात्र एकमत झालें.

विरोधकहि मिळाले. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे ह्यानें १८८८ सालीं लिहिलेल्या एका ग्रंथांत आक्षेप घेतला कीं, कोर्नारोनें कार्य आणि कारण ह्यांची अदलाबदल केली. थोडें खाल्ल्यानें तो दीर्घायु झाला नाहीं, तर त्याच्या शरीराचा खर्चच मंद असल्यामुळें त्याला थोडें पुरत होतें. न्यायशास्त्र शिकलेल्या मनुष्याला हा आक्षेप मान्य करावा लागतो. एकाचें माप दुसऱ्याला लागत नाहीं. वाढत्या मुलांना, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, आजारांतून उठलेल्यांना कोर्नारोचा तराजू लावणें म्हणजे अपराध होय. म्हाताऱ्यांनींहि भलतेंच कमी खाऊन चालत नाहीं. शक्ति जाते, तोल जातो, पडझड होते. ज्याचें वजन कारणाशिवाय उतरत आहे, त्यानें कोर्नारोकडे न जातां डॉक्टरांकडे जावें.

मग उरलें काय? माझे स्नेही म्हणाले तें उरलें. त्यांनीं सांगितलें कीं, सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या पहिल्या ग्रेगरीनें मनुष्याच्या मुख्य दोषांची जी यादी केली, तींत अतिभोजन आहे, आणि त्याच यादींत खिन्नताहि आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत उपवास करणाराला उपदेश आहे तोहि असाच. त्यानें तोंड उतरवून हिंडूं नये, डोक्याला तेल लावावें, तोंड धुवावें, म्हणजे उपवास देवाला कळेल, लोकांना नव्हे. गीतेंतील ‘युक्ताहार’ हा शब्द मीं आयुष्यभर शिकवला. अति खाणाराला योग नाहीं तसा मुळींच न खाणारालाहि नाहीं, हेंहि शिकवलें. पण आपला संयम दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतो, तेव्हां तोहि युक्त राहत नाहीं, हें मला वयाची साठी उलटल्यावर एका ख्रिस्ती स्नेह्यानें शिकवलें. ‘पुरे’ हा शब्द उपकार मानून उच्चारला तर प्रार्थना होते. तोऱ्यानें उच्चारला तर तोच शब्द थप्पड होतो.

यानंतर सर्वपित्री अमावास्येला पुन्हां पंक्त बसली. सूनबाई खिरीचें भांडें घेऊन माझ्यापुढें क्षणभर घुटमळल्या. मीं म्हटलें, “सूनबाई, खीर अर्धी वाटी आणि माया पुरी वाढा.” त्या हंसल्या, आणि माझ्या पानांत मोजकी अर्धी वाटी पडली.

जेवून उठतांना सहज स्वयंपाकघराकडे नजर गेली. तीन वाजत आले होते. आम्हां पुरुषांना नको नको म्हणेपर्यंत वाढणाऱ्या त्या चौघीजणी अजून उपाशी होत्या, आणि भाजीच्या पातेल्याचा तळ दिसत होता. आम्हीं ‘पुरे’ केव्हां म्हणावें ह्याची चर्चा मीं महिनाभर केली होती. ज्यांच्या वांट्याला पुरेसें उरतच नाहीं, त्यांचा विचार मला एकदांहि सुचला नव्हता. त्या दिवशीं मीं पुन्हां पाटावर बसलों नाहीं, वाढपी झालों. हात थरथरत होते, वरण थोडें सांडलें, आणि आमच्या कुटुंबानें मला जन्मांत पहिल्यानेंच म्हटलें, “पुरे आतां, बसा!” परंतु मीं आग्रह केला. एवढा एक आग्रह शास्त्राला मान्य असावा.