बोर्ड गेला म्हणजे नक्की काय गेलं?

"सर, याचा बोर्ड गेलाय. बदलावा लागेल."

मंडळी, हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा मध्यमवर्गीय माणूस मला दाखवा. फ्रिज असो, वॉशिंग मशीन असो, नाहीतर ओव्हन. कारण एकच, बोर्ड गेला. आणि आपण शहाणीसुरती, इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली माणसं मान डोलावतो. कुठला भाग गेला, का गेला, कितीचा आहे, काही विचारत नाही. डॉक्टरने "तुमचं शरीर गेलंय, बदलावं लागेल" असं सांगितलं तर ऐकून घ्याल का?

माझं म्हणणं सरळ आहे. "बोर्ड गेला" याला निदान म्हणायचं बंद करा. आणि ज्या कंपन्या याच्यापुढे काही सांगायला तयार नाहीत, त्यांना कायद्याने बोलतं करा.

आता उदाहरण. अकोल्याला जठारपेठेत आमचं घर आहे. वहिनी २०२० च्या लॉकडाऊनपासून घरी केक करते. छंद वगैरे नाही, धंदा आहे तो. पुतण्याची शाळेची फी त्यातून जाते. इलेक्ट्रिक ओव्हन, समोर डिजिटल पॅनल, वय वर्षं पाच. डिसेंबरात, ऐन ऑर्डरींच्या दिवसांत, त्याने नाटक सुरू केलं. घड्याळ दिसतं, बटणं वाजतात, तापमान सेट होतं. पण स्टार्ट दाबलं की आतून एक अर्धवट "टिक", आकडे मंद होतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. (आपल्या भाषेत, रीबूट लूप!)

कंपनीचा माणूस आला. (नाव देत नाही. सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच.) मागचं झाकणसुद्धा न उघडता दहा मिनिटांत निकाल: बोर्ड गेला, ५,४०० रुपये. चार दिवसांनी फोन: हे मॉडेल बंद झालंय, बोर्ड येणार नाही, पण नव्या ओव्हनवर एक्स्चेंज ऑफर आहे. वा!

शेवटी ओव्हन टिळक रोडच्या बाजूच्या एका जुन्या टीव्ही-रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी बोर्ड बाहेर काढला, भिंग लावून पाहिला, मीटर लावला आणि म्हणाले, "भाऊ, किट कायले बदलता? कंडेन्सर बसला याचा."

झालं होतं ते असं. अशा स्वस्त बोर्डांत बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टच्या लाइनमध्ये एक कपॅसिटर (दुकानातल्या भाषेत कंडेन्सर) टाकतात आणि त्यातून जेवढा करंट येईल त्यावर सगळा संसार चालतो. आमच्या बोर्डावरचा होता ०.६८ मायक्रोफॅरडचा. त्यातून साधारण ५० मिलिअँपिअर मिळतात. हा कपॅसिटर 'सेल्फ हीलिंग' जातीचा. लाइनमध्ये व्होल्टेजचा झटका आला की आतल्या पापुद्र्याचा एक बारीकसा ठिपका जळतो आणि बाकीचा कपॅसिटर काम करत राहतो. छान सोय आहे, पण प्रत्येक झटक्यागणिक तो थोडा लहान होत जातो. काकांच्या मीटरवर तो पाव मायक्रोफॅरडच्या आसपास आला. म्हणजे जेमतेम १८ मिलिअँपिअर. त्यात घड्याळ चालतं, डिस्प्ले लागतो. पण हीटर चालू करणाऱ्या रिलेलाच ३० लागतात. रिले खेचायला गेली की सप्लाय बसतो आणि प्रोसेसर रीसेट होतो.

म्हणजे प्रोसेसर ठीक, डिस्प्ले ठीक, रिले ठीक, हीटर ठीक. गेला होता तो पंधरा-वीस रुपयांचा एक भाग. मजुरी धरून दोनशे रुपये झाले. दुसऱ्या दिवशी ओव्हन चालू.

आता कंपनीची बाजूही ऐकू. पहिला मुद्दा सुरक्षेचा, आणि तो खोटा नाही. अशा बोर्डाचा लो-व्होल्टेज भागसुद्धा मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. प्लग लावलेला असताना हात लावला तर शॉक बसतो. मायक्रोवेव्ह तर त्याहून वाईट. प्लग काढल्यावरही त्यातल्या हाय-व्होल्टेज कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. तेव्हा हे वाचून रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका, प्लीज. पण याचा अर्थ काय होतो? दुरुस्ती जाणत्या माणसाने करावी, इतकाच. आणि त्या जाणत्या माणसाला सर्किटचा नकाशा न देणं, हे सुरक्षेत कसं बसतं बुवा? पूर्वी कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किट डायग्राम चिकटवलेला असायचा. तेव्हाही आत मेन्सचाच करंट होता.

दुसरा मुद्दा वेळेचा. टेक्निशियनने एकेक भाग तपासण्यापेक्षा बोर्ड बदलणं परवडतं म्हणे. हे तर्कशास्त्र आपल्याला ओळखीचं आहे, कारण आपणही तेच करतो. सर्व्हर बिघडला की उडवा, नवा उभा करा. पण सॉफ्टवेअरची नवी कॉपी फुकट असते. बोर्डाच्या नव्या कॉपीला तांबं लागतं, कथील लागतं, आणि जुनी कॉपी कुठल्यातरी ढिगाऱ्यावर जाते. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. वेळ कंपनीचा वाचतो. पैसे वहिनीचे जातात.

"पण मार्केट आहे ना, दुसऱ्या कंपनीचा घ्या." घेतला असता हो! पण दुकानात किंमत लिहिलेली असते, लिटर लिहिलेले असतात, वॉट लिहिलेले असतात. पाच वर्षांनी बोर्ड मिळेल का, हे कुठे लिहिलेलं असतं? फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर, उदाहरणार्थ वॉशिंग मशीन, लॅपटॉप आणि मोबाइलवर, दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. युरोपियन युनियनने त्याच वर्षी फ्रिजचे महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षं आणि वॉशिंग मशीनचे १० वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्डही आले.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. (पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय.) २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं. २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवालही आला. चांगलं आहे. पण त्यातली शिफारस अशी की गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करावेत. पेपर काढणारे, सोडवणारे आणि तपासणारे एकच झाले की निकाल काय लागतो, हे आपल्याला अप्रेझलवरून माहीत आहेच. :)

मला दोनच गोष्टी हव्यात. सर्किट डायग्राम आणि एरर कोडची यादी कुठल्याही दुरुस्तीवाल्याला खुली करा. आणि शेवटचा नग विकल्यापासून किमान सात वर्षं सुटे भाग ठेवा, एमआरपीसकट.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी "बोर्ड गेला" ऐकलंत की विचारा: बोर्डावरचा कुठला भाग? सप्लाय मोजला का? काय आला? जुना बोर्ड मला परत देणार का? आणि हे सगळं जॉब शीटवर लिहून द्या म्हणावं. उत्तर मिळालं नाही तर बिल भरायच्या आधी एखाद्या जुन्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. ती दुकानं आता कमी होत चालली आहेत. काका सांगत होते, त्यांचा मुलगा मोबाइल कव्हर विकतो, या कामात पडायला तयार नाही. दोष त्याला कसा देणार? आपण सगळे पाच हजारांचा ओव्हन एक्स्चेंजमध्ये पाचशेला देऊन मोकळे होतो, मग त्याने कोणाच्या भरवशावर मीटर हातात धरायचा?