स्वीडिश कशाला शिकावी?

स्वीडनमध्यें नोकरीनिमित्त जाऊन राहिलेल्या आमच्या सुशिक्षित बांधवांच्या तोंडीं एक वाक्य वारंवार ऐकूं येतें: "तेथें सर्वांस इंग्रजी येते, मग स्वीडिशचा खटाटोप कशाला?" हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. स्वीडिश मनुष्य परक्याशीं इंग्रजींत बोलतो तें सौजन्यानें; पण तें सौजन्य ओसरीवरचें. माजघरांतलें बोलणें त्याच्या स्वतःच्या भाषेंतच चालतें. २००९ च्या कायद्यानें स्वीडिश ही त्या देशाची प्रमुख भाषा ठरली आहे, आणि नवागत प्रौढांस ती विनामूल्य शिकविण्याची सोय १९६५ सालींच सुरू झाली. भाषा अवघड म्हणावी, तर तिच्यांत लिंगें दोनच, मराठींत तीन! शिवाय क्रियापद पुरुषवचनांप्रमाणें बदलत नाहीं. तेव्हां अडचण बुद्धीची नसून वृत्तीची आहे. तिचें फळ घरांतच दिसतें: मूल शाळेंत स्वीडिश शिकतें आणि सहाव्या वर्षीं आईबापांचें दुभाषी होतें. महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें राहून मराठी न शिकणाऱ्यांवर आम्हीं रागवावें, आणि स्टॉकहोममध्यें स्वतः तेंच करावें, हा कोणता न्याय? ओसरीवरच जन्म काढावयाचा असेल, तर निदान माजघराचें दार बंद असल्याची तक्रार तरी करूं नये.