आरोग्यविचार : परिचारिकेचा शब्द

आमच्या आप्तांतील एक वृद्ध गृहस्थ हृदयाच्या दुखण्यांतून उठून रुग्णालयांतून घरीं आले. निघतांना तेथील परिचारिकेनें दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या : रोज सकाळीं वजन करून लिहून ठेवा, आणि लोणचें-पापड पानांत वाढूं नका. "नर्सचें काय मनावर घ्यावयाचें? डॉक्टर सांगतील तेव्हां पाहूं," असें घरांत ठरलें. आम्हीही तेथें होतों आणि गप्प राहिलों. पंधरवड्याच्या आंत त्यांच्या पायांवर सूज चढली, रात्रीं धाप लागूं लागली, आणि पुन्हां रुग्णालय गांठावें लागलें.

हृदय दुर्बळ झालें म्हणजे अंगांत मीठ व पाणी सांचत जातें. सूज डोळ्यांस दिसण्यापूर्वींच तें कांट्यावर दिसतें. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनीं वाढलें तर तो धोक्याचा इशारा समजावा. अशी नित्य नजर ठेवण्यास डॉक्टरांस सवड कोठून असणार? हें काम जाणत्या परिचारिकेचेंच आहे.

अमेरिकेंत १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेट्टा फोर्ड ह्या परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ ह्यांनीं 'नर्स प्रॅक्टिशनर' ह्या पदाचें शिक्षण सुरू केलें. आरंभीं तें मुलांच्या आरोग्यापुरतें होतें; पुढें हृदयरोग्यांचीही देखभाल ह्या परिचारिकांकडे आली. रोग्यास तपासणें, ठरलेल्या मर्यादेंत औषधाचें प्रमाण बदलणें आणि डॉक्टरांस केव्हां बोलवावें हें ओळखणें, हा त्यांचा अधिकार. औषध बदलण्याचा असाच मर्यादित अधिकार स्वीडनमधील कांहीं परिचारिकांस देऊन १०६ रोग्यांचे दोन गट पाडून पाहिलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष बोलका आहे : वर्षभरांत परिचारिकांच्या देखरेखीखालील गटांत ७ रोगी दगावले, तर दुसऱ्या गटांत २०.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेनें अतिदक्षता विभागासाठीं ह्याच पदाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. परंतु पदवीनें विद्या येईल, मान आम्हीच द्यावयास हवा. रमाबाई रानडे ह्यांच्या सेवासदनानें पुण्याच्या ससून रुग्णालयांत स्त्रियांस परिचर्येचें शिक्षण देवविलें, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांत परिचारिका ही अंथरूण-पांघरूण बदलणारी बाई एवढीच समजूत उरली असेल, तर ती लाजिरवाणी होय.

म्हणून घरांत असा रोगी असेल तर एक वजनकांटा व एक वही आणावी. सकाळीं शौचविधि उरकल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं वजन करून आंकडा मांडावा. परिचारिकेनें विचारपूस केली तर पथ्य मोडल्याचें लपवूं नये. आणि घरांतील वडील माणसांनीं तिच्यादेखत म्हणावें, "बाई सांगतात तसेंच होईल." तेवढ्या एका वाक्यानें पुष्कळ औषधें गुणास येतील.