हात बसायला हवा

चवथीच्या सुटीत भाची घरी आली होती. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, कॉम्प्युटर शाखा, मार्कही चांगले. माटोळी बांधून झाली, जेवणंखाणं आटोपली आणि आम्ही दोघं सोप्यावर गप्पा मारत बसलो. बोलता बोलता ती म्हणाली, "मामा, वाचलें की सगळें कळटा. पूण बरोवंक बसल्यार हात चलना."

मी म्हटलं, त्यात काय एवढं? आण कागद. सत्तावीस वर्षं प्रोग्रॅमिंगवर पोट भरलेला माणूस मी. सोपंसं उदाहरण घेतलं, बायनरी सर्च. क्रमाने लावलेल्या यादीतून एक नाव शोधायचं. यादी मधोमध उघडायची, हवं ते नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचं, नको ती अर्धी यादी सोडून द्यायची आणि उरलेली पुन्हा मधोमध उघडायची. दहा लाख नावं असली तरी वीसेक वेळा उघडण्यात काम होतं. कागदावर झरझर लिहिलं. भाचीने ते लॅपटॉपवर उतरवून चालवलं, आणि लॅपटॉप जो अडकला तो अडकलाच.

चूक अगदी बाळबोध होती. शेवटी दोन नावं उरली की 'मध्य' पुन्हा पुन्हा पहिल्याच नावावर येत होता, आणि मी 'सुरुवात' एक पाऊल पुढे सरकवायची सोडून त्याच जागी ठेवत होतो. मग काय, गोल गोल फेऱ्या! भाची हसली, मीही हसलो. पण मनात कुठेतरी लागलं. गेली दोन वर्षं कामावर मी स्वतः फारसं लिहीतच नव्हतो. मशीनला सांगायचं, मशीन लिहून देतं, आपण मान डोलवायची. हात कधी सुटला ते कळलंच नाही.

रात्री स्वतःची समजूत घालायला जुनी गोष्ट आठवली. जॉन बेंटली यांचं 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' हे पुस्तक १९८६ सालचं. त्यात त्यांनी सांगितलंय की व्यावसायिक प्रोग्रॅमरांना त्यांनी हाच बायनरी सर्च लिहायला दिला, चांगला दोन तास वेळ देऊन, आणि जवळजवळ नव्वद टक्के लोकांच्या उत्तरात चुका निघाल्या. पुढची गंमत २००६ ची. जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावा भाषेच्या मूळ लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये, जो त्यांनीच लिहिला होता, नऊएक वर्षं एक चूक दडून होती, आणि खुद्द बेंटलींच्या पुस्तकातल्या प्रोग्रॅममध्येही तीच होती. मध्य काढताना दोन्ही टोकांची बेरीज करायची आणि दोनाने भागायचं, हे तर शाळकरी पोरही सांगेल. पण यादी १०७ कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ३२ बिटांच्या आकड्यात मावत नाही, उलटून ऋण होते. एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी नव्हत्या, म्हणून कुणाला दिसलं नाही.

म्हणजे मोठे मोठे चुकले, आपण कोण? पण हे समाधान खोटं. त्यांची चूक खोल पाण्यातली होती, मी काठावरच घसरलो होतो.

मला मग लहानपणीचा तबला आठवला. फोंड्याजवळच्या आमच्या गावात गुरुजींकडे शिकायला जायचो. त्यांनी पहिला कायदा दिला, 'धाधा तिट धाधा तूना', आणि सहा महिने तोच वाजवायला लावला. तोच कायदा आणि त्याचे पलटे. पलट्यात अट अशी, की कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा एकही आणायचा नाही. तेवढ्यातच उलटापालट करून नवं काढायचं. आम्ही पोरं कंटाळायचो. भजनाला साथ कधी करायला मिळणार, एवढंच डोक्यात. गुरुजी म्हणायचे, बोटं 'तिट'चा विचार करत असली तर कान गाणाऱ्याकडे कसे जाणार? लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर हातांनी, पायांनी आणि तोंडाने वेगवेगळे ताल एकाच वेळी चालवून समेवर एकत्र येत, असं जुनी माणसं सांगतात. ते ऐकताना आम्हाला जादू वाटायची. आता वाटतं, ज्याची बोटं विचार करायची थांबली आहेत त्यालाच हे जमणार.

प्रोग्रॅमिंगचंही नेमकं हेच आहे. लूप कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा, यादीचा पहिला घटक शून्यावा की एकावा, यातच डोकं गुंतलं तर मूळ प्रश्नासाठी ते उरतं किती? भाचीला सगळं 'कळतं', पण कळणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. दुसरं वाचून येत नाही. त्याला रोजचा रियाज लागतो. थोडा, पण रोज.

ही कल्पना माझी नव्हे. डेव्ह थॉमस यांनी कराटेतल्या 'काता'वरून अशा छोट्या सरावांना 'कोड काता' हे नाव दिलं, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट ऑयलर'मध्ये गणिती कोड्यांचा साठाच आहे. पहिलं कोडं अगदी सोपं: १००० च्या आतल्या, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज करा. १५ सारखी संख्या दोनदा धरली की फसलात!

पण माझं म्हणणं, कोडी आपल्या अंगणातलीही असावीत. भाचीला मी दोन दिली. एक, 'गोवा' हा शब्द उलटा लिहून दाखव. तिने नेहमीच्या पद्धतीने उलटवला तर काना सुरुवातीलाच अधांतरी लटकला आणि ओकार 'व'ला जाऊन चिकटला. कारण आपल्याला दिसतात दोन अक्षरं, कॉम्प्युटर साठवतो चार खुणा: ग, ओकार, व, काना. 'वागो' मिळवायला अक्षर म्हणजे काय याचाच विचार करावा लागतो. दुसरं छंदशास्त्रातलं. लघूची मात्रा १, गुरूच्या २, तर आठ मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? उत्तर ३४. प्रत्येक उत्तर आधीच्या दोहोंची बेरीज: १, २, ३, ५, ८... फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. आपल्याकडे हेमचंद्राने हा हिशेब बाराव्या शतकातच मांडला होता. सरळ व्याख्येप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला तर १६ मात्रांचं उत्तर, १५९७, चुटकीसरशी येतं. ५० मात्रांना मात्र मशीन धापा टाकत बसतं. मग आधीची उत्तरं जपून ठेवायला शिकावं लागतं. एकाच कोड्याचे हे पलटे.

पद्धत साधी. सकाळी वीस मिनिटं, कोरी फाईल, मदतनीस बंद. अडलं तर अडू द्यायचं. झालेलं पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं, आठवड्याने वेगळ्या रीतीने. आणि एक चुकांची वही. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. चूक न ऐकता केलेला रियाज चूकच पक्की करतो.

आता कुणी म्हणेल, अहो, २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं तेव्हाच हे सगळं संपलं. मशीन लिहितं, मग बोटं कशाला झिजवायची? मीही मशीन वापरतो, उद्याही वापरीन. पण ते लिहितं आणि सही आपण करतो. लिहिलेलं बरोबर की चूक हे ज्या कानाने ओळखायचं, तो कान स्वतःचा हात चालवूनच तयार होतो. माझा अनुभव वर सांगितलाच आहे. दोन वर्षांत हात गेला, आणि मला वाटतं, कानही जायला लागला होता.

दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवं. रियाज म्हणजे मैफल नव्हे. नुसती कोडी सोडवून कुणी मोठी प्रणाली उभारत नाही. दुसऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम वाचणं, गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते समजणं, हे वेगळंच शिक्षण आहे. आणि ओळीने किती दिवस झाले याचा आकडा मिरवणं हाही एक नादच.

पण आज आपल्या कॉलेजांत मैफल नाही आणि रियाजही नाही. 'जर्नल पुरं करणं' म्हणजे मागच्या बॅचचं जर्नल उतरवणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक प्रॅक्टिकलची पहिली वीस मिनिटं कोऱ्या पडद्यासमोर जावीत. मार्क नकोत, जर्नल नको, फक्त लिहायचं. याला पैसा लागत नाही.

चवथीला आता चार महिने झाले. आम्ही दोघंही करतोय, ती तिच्या हॉस्टेलवर, मी इथे. परीक्षेत तिचे अकरा दिवस बुडाले, जत्रेत माझे चार. तिला नोकरी लागेल का, ते मला सांगता येणार नाही. परवा फोनवर विचारलं, "हात चलता मूं?"

"चलता मामा. पूण मदीं मदीं अडखळटा."

अडखळू दे. माझाही अडखळतो. उद्या सकाळी पुन्हा बसायचंय.