ओलाव्याचे यंत्र पंधरा म्हणाले, ते कसे?



सोयाबीनची पोती बाजारात उतरली की मूठभर दाणे यंत्राच्या भांड्यात ओततात आणि आकडा पुकारतात, "पंधरा!" त्या आकड्यावर भाव पडतो, घट कापली जाते, कधी माल परत घरी येतो. सरकारी खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची अट असते. 2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत सैल केली होती. तेव्हा हे यंत्र काय मोजते, ते आपल्याला ठाऊक हवे.

आपण दाणा दाताखाली धरतो. कट्‌कन तुटला की वाळला म्हणतो. यंत्र दाणा फोडत नाही आणि पाण्याचे वजनही करीत नाही. भांड्यात धातूचे दोन पत्रे असतात. त्यांच्यामध्ये विजेचा दाब सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होतो. रेडिओच्या लहरींचेच हे भावंड. पाण्याच्या कणाला एक टोक धन आणि एक ऋण, म्हणून तो या दाबाबरोबर फिरत राहतो. कोरडा दाणा जवळजवळ ढिम्म असतो. शास्त्रज्ञ हा गुण आकड्यात मांडतात: हवेचा 1, कोरड्या धान्याचा 2 ते 4 आणि पाण्याचा सुमारे 80! म्हणून थोडे पाणी वाढले तरी यंत्राला लगेच कळते. याच कुळातल्या आणखी जलद लहरी म्हणजे मायक्रोवेव्ह. 2015 साली अमेरिकेने सोडलेला स्मॅप उपग्रह जमिनीतून निघणाऱ्या या लहरी मोजून वरच्या 5 सेंटिमीटर मातीतली ओल सांगतो. तिथेही कळ पाण्याचीच.

पण टक्के येतात ते कोष्टकावरून. धान्य भट्टीत सुकवून, वजनातली घट पाहून हे कोष्टक आधी बसवलेले असते, आणि ते प्रत्येक पिकाचे वेगळे. यंत्र गव्हावर लावून त्यात सोयाबीन ओतले तर आकडा खोटाच येणार. पीक कोणते लावले आहे, हे विचारायला लाजू नका. दाणे दाबून भरले की सैल, माल उन्हाने तापलेला की गार, यानेही फरक पडतो. दव पडलेला किंवा नुकता भिजलेला दाणा वरून ओला आणि आत कोरडा असतो, तेव्हा तर यंत्र हमखास चकते. एका मुठीवर गाडीभर मालाचा निवाडा होऊ देऊ नका. तीन-चार पोत्यांतून, वरून आणि तळातून दाणे घ्यायला लावा आणि सरासरी मागा.

आता हिशेब. 15 टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर मालात 85 किलो कोरडा माल असतो. तोच 12 टक्क्यांवर वाळवला तर 96 किलो 600 ग्रॅम भरतो. म्हणजे घट 3 किलो 400 ग्रॅम. यापेक्षा जास्त कापले तर ते पाण्याचे नव्हे, कशाचे ते विचारा.

घरी यंत्र नसले तर बायाबापड्यांनी एवढे करावे: कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि मूठभर दाणे घालून बूच लावावे, चांगले हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या वर आहे. माल आणखी एक-दोन उन्हे खाऊ द्यावा. बाटलीतले दाणे मात्र बियाण्यात मिसळू नयेत.