ठेवीदार दाराबाहेर

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री डीजेने ‘वन मोअर टाइम’ लावले आणि माझ्या वयाची मंडळीही खुर्च्या सोडून उठली. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीचे हे २००० सालचे गाणे. त्यातली तुताऱ्यांची ललकारी मात्र उसनी. एडी जॉन्स या गायकाच्या १९७९ मधल्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ या डिस्को गाण्याचे तुकडे उचलून ती बेतलेली आहे. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने जॉन्स यांना गाठले, तेव्हा या गृहस्थांनी कित्येक वर्षे बेघर अवस्थेत काढली होती. गाण्याचा एक पैसा त्यांच्या हाती पडला नव्हता. बरे, चोरी म्हणावी तर तीही नाही. मोबदला नियमाने दिला जात होता, पण जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिला. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे मला हे फार ओळखीचे वाटले. व्याज चढते, कोणीतरी ते उचलते, आणि ठेवीदार दाराबाहेर उभा.

क्लबांत वाजणाऱ्या या ‘हाउस’ संगीताचा जन्मच जुन्या तबकड्यांतून झाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. डिस्को संपली, असा तो जल्लोष होता. त्याच शहरात ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स त्याच तबकड्या पहाटेपर्यंत वाजवत होता. नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण. ‘हाउस’ हे नाव या क्लबावरूनच पडले, असे मानतात. पुढे सॅम्पलर हे यंत्र आवाक्यात आले. काही सेकंदांचा आवाज त्यात साठवायचा, कळ दाबली की तो हवा तितक्या वेळा उमटतो. खाली यंत्राचा एकसुरी ठेका. व्हायोलिनचा ताफा, तुताऱ्या, फंकचा घुमणारा बास, देवळात गाऊन तयार झालेले गळे, हा सगळा खर्च आधीच्या पिढीने करून ठेवला होता. पोरांकडे पैसा नव्हता, कान मात्र तयार होते. त्या कानांना मी कमी लेखत नाही. चार मिनिटांतले नेमके कोणते दोन सेकंद उचलायचे, हे कळणे हीही कलाच.

पण १९८९ मध्ये इटलीच्या ‘ब्लॅक बॉक्स’ने ‘राइड ऑन टाइम’ काढले, ते पाहा. आवाज होता शिकागोच्या लोलिआटा हॉलोवे यांचा, त्यांच्या १९८० च्या ‘लव्ह सेन्सेशन’मधून घेतलेला. तबकडीवर त्यांचे नाव नाही आणि पडद्यावर ओठ हलवीत एक सडपातळ मॉडेल! ब्रिटनमध्ये गाणे सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. बाईंनी भांडून तडजोड पदरात पाडली. १९९१ मध्ये तोच आवाज ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये आला, तेव्हा नाव छापले गेले आणि गाणे अमेरिकेत पहिले आले. २०११ मध्ये त्या वारल्या.

हॉलोवेबाई भांडू शकल्या, कारण व्हाउचर शिल्लक होते. ती हाक ऐकताच जाणकार सांगत, ही त्यांचीच. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे असंख्य ध्वनिमुद्रणे पचवून नवे गाणे काढून देतात, त्यात असा ओळखू येणारा तुकडा सापडेलच असे नाही. थेट नक्कल असली तर गोष्ट वेगळी. अरिजित सिंग यांच्या आवाजाला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले. पण ज्यांचे नाव तबकडीवर कधी नव्हतेच, त्या मागे उभे राहून गाणाऱ्यांनी काय दाखवायचे?

अमेरिकेत मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि उडिओ यांच्यावर दावे लावले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांपैकी काहींनी तडजोड करून करार केले. कलावंतांना संमतीचा पर्याय राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले. सह्या मात्र कंपन्यांच्या आहेत. एडी जॉन्स यांच्या बाबतीतही कंपन्यांमधला हिशेब बिनबोभाट चालूच होता.