रोबोटिक्सच्या नावाखाली किटची दुकानदारी

'रोबोटिक्स हा पैसेवाल्यांच्या मुलांचा छंद,' असे आपल्या मोहल्ल्यांत सर्रास ऐकू येते. अनेक शाळाही हा समज पक्का करतात. महागडे किट आणायचे, पुस्तिकेत दाखवले तसे जोडायचे, प्रदर्शनात फोटो काढायचे आणि मग ते वर्षभर कपाटात कुलूपबंद! ज्याच्या अब्बूंना जादा फी परवडत नाही, त्याने दारातून बघावे. याला शिक्षण म्हणणे ही पालकांची फसवणूक आहे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेची 'झीरो रोबोटिक्स' स्पर्धा पाहा. २००९ मध्ये आयडाहो राज्यातील दोन शाळांपासून ती सुरू झाली. २०१० मध्ये अमेरिकाभरातील आणि २०११ पासून युरोपातील हायस्कूलचे विद्यार्थी तिच्यात उतरले. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी रोबोट नव्हता. तो होता सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात. 'स्फिअर्स' नावाचे, साधारण फुटबॉलएवढे हे छोटे उपग्रह स्थानकाच्या आत तरंगत.

नोंदणी मोफत होती. मुले ब्राउझरमध्येच कोड लिहीत आणि संगणकावरील आभासी सामन्यात तो तपासत. अंतिम फेरीतील संघांचा कोड स्थानकावर जाई. सामना सुरू झाला की तिथे मुलांचा हात पोहोचत नसे, चालत असे फक्त त्यांचा कोड. तिथे एकदा ढकललेली वस्तू आपोआप थांबत नाही. थांबवायला उलट दिशेने वायूचा झोत सोडावा लागतो. न्यूटनचे नियम नुसते पाठ करून हे जमत नाही. शिवाय पुढच्या टप्प्यात प्रतिस्पर्धी संघांना आघाडी करून एकत्र कोड लिहावा लागे. यातले काय किटच्या खोक्यात मिळते?

कोणी म्हणेल, हे अमेरिका-युरोपचे लाड आहेत. तसे नाही. जपानची जाक्सा आणि नासा २०२० पासून 'किबो रोबोट प्रोग्रॅमिंग चॅलेंज' भरवतात. त्यात स्थानकावरील 'अ‍ॅस्ट्रोबी' रोबोटसाठी जावा भाषेत कोड लिहितात. शेजारच्या बांगलादेशातले विद्यार्थीही त्यात उतरले आहेत.

अर्थात, मोफत म्हणजे सर्वांना खुले असे नव्हे. इंटरनेट लागते, वेळ लागतो, मार्गदर्शक शिक्षक लागतो आणि आपला देश सहभागी असावा लागतो. देशाच्या सहभागाचा निर्णय शाळेच्या हातात नाही. पण शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली तर शाळेकडेच आहे ना?

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या पालक सभेत नव्या किटसाठी वर्गणीची गोष्ट निघाली, तर आधी हिशोब मागा. संगणक कक्ष आठवड्यातून किती तास उघडा असतो? तिथे मुलींची पाळी कधी येते? कोड शिकवणारा शिक्षक कोण? आणि तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंग शिकत आहेत, त्यांनी रविवारचे दोन तास त्या कक्षासाठी द्यावेत. शाळेला नाही म्हणायला मग सबब उरणार नाही.